४० मिलिसेकंद सांगितले तरी स्क्रीन तिच्या मनाचंच करते

भाचीच्या एमएच्या प्रोजेक्टसाठी फोंड्याला घरीच एक्सपेरिमेंट लावत होतो, शब्द ४० मिलिसेकंद दाखवायचा आणि लगेच मास्क, म्हणजे तो झाकून टाकणारं दुसरं चित्र. कोडमध्ये ०.०४ लिहिलं की झालं असं वाटलेलं, कसलं काय.

६० हर्ट्झची स्क्रीन १६.६७ मिलिसेकंदांनी एकदाच बदलते (असा एक बदल म्हणजे एक फ्रेम), म्हणजे दोन फ्रेम ३३.३ नाहीतर तीन फ्रेम ५०, मधलं ४० मिळतच नाही. म्हणून वेळ सेकंदात द्यायचीच नाही, फ्रेम मोजायच्या. सायकोपाय असो की सायकटूलबॉक्स (असे एक्सपेरिमेंट लिहायची सॉफ्टवेअर), प्रत्येक फ्रेमला ड्रॉ (चित्र तयार करणं) आणि फ्लिप (ते स्क्रीनवर आणणं), आणि फ्लिपने परत दिलेला टाइम दर वेळी फाईलमध्ये टाकायचा, दोन फ्लिपमधलं अंतर १६.६७ ऐवजी ३३ दिसलं की फ्रेम सुटली, ती ट्रायल, म्हणजे प्रयोगातली ती एक फेरी, बाद. इमेजेस आधीच लोड करून ठेवा, ट्रायल चालू असताना डिस्कवरून वाचायला गेलात की फ्रेम सुटू शकते. व्हीसिंक (चित्र स्क्रीनच्या बदलण्याशी जुळवून दाखवणारं सेटिंग) चालू, विंडो फुलस्क्रीन, दुसरा मॉनिटर काढून टाका, वायफाय आणि अपडेट बंद.

आता माझी फजिती ऐका. १४४ हर्ट्झचा लॅपटॉप होता, सहा फ्रेम म्हणजे ४१.७, मस्त जमलं म्हणून खूष होतो. पावसात नेहमीसारखी लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि चार्ज वाचवायला गुपचूप ६० वर उतरला, सहा फ्रेमचे झाले १०० मिलिसेकंद! प्रयोगाला बसलेली मुलं सगळेच शब्द वाचायला लागली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून प्रोग्राम सुरू होताना रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते ते) मोजतो, जुळला नाही तर तिथेच थांबवतो, आणि पॉवर सेटिंगमधलं ते ऑटोमॅटिक प्रकरण बंद.

एवढं करूनही फ्लिपचा टाइम म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं, एलसीडीवर उजेड प्रत्यक्ष पडायला अजून काही मिलिसेकंद जातात आणि ते कोडला कळत नाहीत. खरी खात्री फोटोडायोड (उजेड ओळखणारा छोटा सेन्सर) आणि अर्डुइनोने (त्याची नोंद घेणारा छोटा सर्किट बोर्ड). शब्दासोबत एक पांढरा चौकोन दाखवायचा, त्यावर डायोड काळ्या टेपने चिकटवायचा, दुपारचं ऊन आत येत असेल तर पडदा ओढायचा. तेवढी खटपट नको असेल तर मोबाईलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा, ५० मिलिसेकंदांचा शब्द साधारण १२ फ्रेम दिसला पाहिजे. फक्त चौकोन शब्दाच्याच उंचीला ठेवा हां, स्क्रीन वरून खाली रंगवली जाते, कोपऱ्यात तळाला ठेवलात तर ६० हर्ट्झवर शब्दापेक्षा कितीतरी मिलिसेकंद उशिरा उजळेल आणि उगाच कोडमध्ये चूक शोधत बसाल.