लेव्हल कॅप वाढवण्याआधी गिअरचं गणित मांडा

ऑनलाइन मल्टिप्लेअर गेममध्ये नवं काही आणायचं म्हटलं की पहिली सूचना ठरलेली असते: कॅप (खेळाडू गाठू शकतो ती कमाल लेव्हल) दहा लेव्हलनी वाढवू, वर नव्या गिअरचा (शस्त्रं, चिलखतं वगैरेंचा) थर चढवू. काम सोपं वाटतं, पण त्याच दिवशी आधीचं गिअर आणि बहुतेक जुनी डंजनं (गटाने पार करायच्या मोहिमा) मोडीत निघतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये ६० लेव्हलवर सुरू झाला, २०१८ मध्ये १२० वर पोहोचला आणि २०२० मध्ये सगळ्यांना खाली ओढून कॅप पुन्हा ६० वर आणावी लागली. ‘गिल्ड वॉर्स २’ मात्र २०१२ पासून ८० वरच आहे, आणि ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मधली गिअरची कमाल पातळी २०१६ पासून हललेली नाही. एक्सपान्शन, म्हणजे मोठे नवे भाग, या दोन्ही गेमना येतच राहिली.

तुमचा गेम छोटा असेल, एखादाच सर्व्हर असेल, तर खालचं सगळं एका स्प्रेडशीटमध्ये बसतं.

आधी गुणोत्तर, मग आकडे

कॅपला नुकताच पोहोचलेला खेळाडू आणि सर्वोत्तम गिअर घातलेला खेळाडू यांच्यात किती पट फरक चालेल, हे आधी ठरवा. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण डॅमेज आणि हेल्थ वेगवेगळे मोजले जातात. प्रत्यक्ष लढाईत त्यांचा गुणाकार होतो.

समजा गिअरचे पाच थर आहेत आणि प्रत्येक थर डॅमेज व हेल्थ दोन्ही १० टक्क्यांनी वाढवतो. पाच थरांनंतर दोन्ही १.६१ पट होतात. समोरासमोरच्या लढतीत ताकद २.५९ पट. थराला २० टक्के दिले तर तोच आकडा ६.१९ पटींवर जातो, म्हणजे वरचा खेळाडू कॅपवरच्या नव्या दोघांना एकदम अंगावर घेऊन आरामात जिंकेल. त्यात क्रिट (अधूनमधून बसणारा जास्त जोराचा मार) आणि हेस्ट (हल्ल्याचा वेग) हेसुद्धा गुणाकारानेच येतात: नुसतं डॅमेज, क्रिट आणि हेस्ट यांतून प्रत्येकी १० टक्के मिळाले तरी एकूण मारा ३३ टक्क्यांनी वाढतो. पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढत) असलेल्या गेममध्ये एकूण गुणोत्तर तीनच्या आत ठेवावं असं आमचं मत. ते जमत नसेल तर ‘गिल्ड वॉर्स २’च्या स्ट्रक्चर्ड पीव्हीपीसारखं तिथे सगळ्यांना एकच लेव्हल आणि सारखं गिअर देऊन टाका.

आर्मरसाठी, म्हणजे मार कमी करणाऱ्या चिलखतासाठी, थेट टक्केवारीची बेरीज कधीच करू नका. डॅमेजमधली कपात ५० वरून ६० टक्क्यांवर गेली की मार पाचव्या हिश्शाने घटतो, ८० वरून ९० वर गेली की थेट निम्मा होतो. त्याऐवजी कपात = आर्मर ÷ (आर्मर + स्थिरांक) हे सूत्र घ्या. स्थिरांक १००० असेल तर १००० आर्मरला ५० टक्के, २००० ला ६६.७ आणि ३००० ला ७५ टक्के कपात मिळते. आकडे आखडत गेल्यासारखे दिसतात, पण खेळाडू तग धरतो तो अनुक्रमे २, ३ आणि ४ पट, म्हणजे दर हजारामागे फायदा सारखाच. हा स्थिरांक हल्ला करणाऱ्याच्या लेव्हलशी जोडला आणि शत्रूही खेळाडूबरोबर वाढत ठेवले, तर लेव्हल चढताच जुनं आर्मर कमकुवत पडतं. ‘लेव्हल वाढली आणि मी दुबळा झालो’ या तक्रारीचं एक मूळ इथे असतं.

लेव्हल किती? तास मोजा

पहिली लेव्हल १० मिनिटांची आणि पुढची प्रत्येक ८ टक्के जास्त वेळ घेणारी धरा. ५० पर्यंत पोहोचायला साधारण ८८ तास लागतात आणि शेवटच्या एका लेव्हलला पावणेसात. आता वाढ ८ ऐवजी १० टक्के करा: एकूण १७६ तास, शेवटची लेव्हल सोळा तासांची. दोन टक्क्यांच्या ‘किरकोळ’ बदलाने ग्राइंड (लेव्हलसाठीची रटाळ मेहनत) दुप्पट झाला. तेच ८ टक्के ठेवून कॅप ३० वर आणली तर सुमारे १७ तासांत खेळाडू मित्रांच्या जोडीला पोहोचतो. मित्रांबरोबर खेळणं हाच गेमचा गाभा असेल तर आम्ही तिसरा पर्याय घेऊ. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये ९२ लेव्हल म्हणजे ९९ चा निम्मा रस्ता, आणि लोक तो आनंदाने तुडवतात, पण तिथे एक स्किल चढवायला मित्रांसाठी थांबावं लागत नाही.

ड्रॉप

बॉसकडून (मोठ्या शत्रूकडून) हव्या त्या वस्तूचा ड्रॉप, म्हणजे त्याला हरवल्यावर ती मिळण्याची शक्यता, १० टक्के आणि आठवड्यातून एकच संधी, हे नेहमीचं प्रमाण. वीस आठवड्यांनंतरही १०० पैकी १२ जण रिकाम्या हाताने बसलेले असतात. चॅटमध्ये आवाज याच बारा जणांचा येतो, आणि त्यांचं चूक नाही.

आठ स्लॉटपैकी (डोकं, छाती अशा गिअरच्या जागांपैकी) कुठलाही एक यादृच्छिक मिळत असेल तर पूर्ण संच व्हायला सरासरी २२ ड्रॉप लागतात, त्यातले आठ एकट्या शेवटच्या स्लॉटसाठी. शेवटी शेवटी सात वेळा नको तेच पुन्हा हातात येतं. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: प्रत्येक विजयामागे एक टोकन द्या आणि ठराविक टोकनांना हवी ती वस्तू विकत मिळू द्या. ‘फायनल फँटसी १४’च्या सॅव्हेज रेडमध्ये (अवघड सामूहिक मोहिमांमध्ये) बॉस हरवल्यावर मिळणारी पुस्तकं हेच काम करतात. किंमत ठरवताना नियम असा: १० टक्के ड्रॉप असेल तर ८ ते १० टोकनं. वीस ठेवलीत तर टोकन असून नसल्यासारखं.

‘मिळालेली वस्तू नशिबाने आणखी वरच्या दर्जाची निघेल’ ही युक्ती टाळा. वॉरक्राफ्टमधल्या टायटनफोर्जिंगमुळे खेळाडूला आपलं गिअर पूर्ण झालं असं कधीच वाटेना. शेवटी ती पद्धत काढून टाकावी लागली.

कॅप न वाढवता नवं काय द्यायचं

आडवी वाढ, म्हणजे ताकद न वाढवता पर्याय वाढवणं. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये लेजंडरी गिअरचे आकडे असेंडेड या थराइतकेच असतात, फायदा एवढाच की स्टॅट (गिअर कुठला गुण वाढवतं ते) हवे तेव्हा बदलता येतात. असेंडेडचा थर मात्र लाँचनंतर तीन महिन्यांतच एक्झॉटिकच्या वर चढवला गेला आणि ‘ट्रेडमिल (सतत नव्या गिअरमागे धावणं) नाही म्हणाला होतात ना’ म्हणून खेळाडू खवळले. थर किती असतील हे आधीच सांगा आणि त्यालाच चिकटून राहा.

नव्या संचाचं स्टॅट बजेट जुन्याइतकंच ठेवा, फक्त वाटणी आणि सेट बोनस (संचातल्या वस्तू एकत्र घातल्यावर मिळणारा फायदा) बदला. दोन महिन्यांनी आकडेवारी पाहा. कॅपवरच्या दहापैकी आठ जणांनी एकच संच घातला असेल तर ती वाढ आडवी नाही, उभीच आहे.

जुनी शस्त्रं सक्तीने बाद करणं हा आणखी एक मोह. ‘डेस्टिनी २’ने २०२० मध्ये जुन्या शस्त्रांच्या पॉवरवर मर्यादा घातली आणि काही महिन्यांतच हे धोरण पुढे न चालवण्याचं जाहीर केलं. एखादी बंदूक फार जड जात असेल तर तिलाच नर्फ (कमजोर) करा. सगळं कपाट रिकामं करू नका.

वरच्या लेव्हलच्या खेळाडूला खालच्या भागात आणताना स्टॅट खाली आणा, पण स्किल्स काढून घ्यायच्या का ते नीट ठरवा. फायनल फँटसी त्या काढते, त्यामुळे सुरुवातीच्या डंजनमध्ये अनुभवी खेळाडू दोन-तीन बटणांवर कंटाळतो. गिल्ड वॉर्स त्या ठेवतो, म्हणून खाली आलेला खेळाडू नवख्यापेक्षा भारीच पडतो. आम्ही दुसरा दोष पत्करू.

आणि आकडे आधीच फुगलेले असतील तर? ३२ बिटच्या साइन्ड पूर्णांकात २,१४७,४८३,६४७ च्या पुढे जागा नाही. बॉसची हेल्थ त्याच्या जवळ गेली की दाबादाबी अटळ. वॉरक्राफ्टने २०१४ मध्ये आकडे लहान केले तेव्हा जुन्या रेडमध्ये एकट्याने फिरणाऱ्यांसाठी वेगळा डॅमेज बोनस दिला. तुम्हीही पॅचआधी तीन तयार कॅरेक्टर करा, नवखं, मधलं आणि पूर्ण गिअरचं, आणि प्रत्येकाने तोच बॉस मारायला लागणारा वेळ बदलाआधी व नंतर मोजा. फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त आला तर सूत्रात कुठेतरी स्थिरांक लहान करायचा राहून गेलाय; तो बहुधा आर्मरमध्येच सापडतो.