संगणकीय केमिकल इंजिनिअरिंगच्या संशोधनाकडे येताना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, एका कंपनीच्या संशोधन विभागात, मी रिअॅक्टरमधील प्रवाह आणि उष्णतावहन यांची सिम्युलेशन करतो. या क्षेत्रात येऊ पाहणारे ऐरोली-नेरूळकडचे विद्यार्थी भेटले की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. आधी थर्मोडायनॅमिक्स आणि ट्रान्सपोर्ट फिनॉमिना (प्रवाह, उष्णता आणि पदार्थ यांच्या वहनाचा अभ्यास) पक्के हवेत, कारण गृहीतक चुकीचे असले तरी संगणक उत्तर देतोच.

हे स्वतः पडताळून पाहता येते. डीडब्ल्यूसिम या मोफत सिम्युलेटरमध्ये, पाण्याचे प्रमाण अधिक असलेले इथेनॉल-पाण्याचे मिश्रण वातावरणीय दाबाच्या डिस्टिलेशन (ऊर्ध्वपातन) कॉलममध्ये सोडा आणि द्रावणाला आदर्श मानणारे, राउल्टच्या नियमावर आधारलेले मॉडेल निवडा. पुरेशा प्लेट्स, म्हणजे कॉलममधील विलगीकरणाचे टप्पे, दिल्यास वरून जवळजवळ शुद्ध इथेनॉल निघाल्याचे दिसेल. प्रत्यक्षात वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर अझिओट्रोप येतो, म्हणजे वाफ आणि द्रव यांतील प्रमाण सारखेच होते, आणि साधा कॉलम त्यापुढे जाऊ शकत नाही. द्रावण आदर्श नसल्याचे लक्षात घेणारे एनआरटीएल मॉडेल निवडले की ही मर्यादा पडद्यावरही दिसते. गणित दोन्ही वेळा कन्व्हर्ज होते, म्हणजे एका स्थिर उत्तरावर येऊन थांबते. कोणते उत्तर खरे, हे ज्याने विषयाचा अभ्यास केला आहे त्यालाच कळते.

शिक्षणाचा मार्ग परिचित आहे: पदवी, गेट, मग एम.टेक. किंवा थेट पीएच.डी. पवईची आयआयटी आणि १९३३ साली यूडीसीटी म्हणून सुरू झालेली माटुंग्याची आयसीटी या दोन्ही संस्था ठाणेकरांना जवळ आहेत. पीएच.डी.साठी पाच वर्षे धरून चालावे. २०२३ पासून जेआरएफची (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्षांतील संशोधन शिष्यवृत्तीची) रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे, त्यामुळे घरी राहून संस्थेत ये-जा करता येणे हा मोठा आधार ठरतो, आणि तो विचार करण्यात कमीपणा काहीच नाही.

खरा निर्णय आहे तो कोणत्या पातळीवर काम करायचे याचा. डीएफटीमध्ये (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) इलेक्ट्रॉनांचा विचार होतो, मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये रेणूंच्या हालचालीचा, सीएफडीमध्ये (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स) प्रवाहाचा. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये गणनेची एक पायरी साधारण १ फेम्टोसेकंदाची (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) असते. म्हणजे १० नॅनोसेकंद पाहण्यासाठी १ कोटी पायऱ्या लागतात आणि संगणकांच्या क्लस्टरवर पुरेसा वेळ मिळाल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही. डीएफटीची ओढ असेल तर उत्प्रेरकांवरचे संशोधन समृद्ध आहे, मात्र नोकऱ्या मुख्यतः संशोधन संस्थांत आहेत. आमच्यासारख्या कंपन्यांचे प्रश्न बहुधा मोठ्या प्रमाणावर उत्पादन नेण्याचे असतात: रिअॅक्टरचा व्यास आणि उंची दुप्पट केली की आकारमान आठपट होते, पण जॅकेटला (रिअॅक्टरभोवतीच्या थंड करणाऱ्या आवरणाला) मिळणारा पृष्ठभाग केवळ चौपट, आणि उष्माउत्सर्जी अभिक्रियेची उष्णता बाहेर काढणे अवघड होते. तो हिशेब करताना प्लांटमधील ऑपरेटरने नोंदवलेले तापमान मला कोणत्याही आलेखापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

म्हणूनच मार्गदर्शक निवडताना क्लस्टरवर वेळ किती मिळेल, हे विचाराच. पण तुमच्या निष्कर्षांची प्रयोगाने पडताळणी कोण करणार, हे त्याआधी विचारा. पदवीच्या काळात आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी डीडब्ल्यूसिमवर एखादी फ्लोशीट (प्रक्रियेचा आराखडा) करून पाहिलीत, तर हे काम आपल्याला रुचते का, याचा अंदाज पीएच.डी.पूर्वीच येईल.