डुप्लिकेट की आणि गायब होणारा डेटा: या चुका टाळा

नवीन पोरांच्या कोडमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली डिक्शनरी (‘की’ म्हणजे ओळख, अन् तिच्यापुढं तिची व्हॅल्यू, अशा जोड्या ठेवणारी रचना) डुप्लिकेट की, म्हणजे आधी असलेलीच की, परत आली तर आपोआप अडवेल असं धरून चालायचं. नाही अडवत. एरर नाही, वॉर्निंग नाही, जुनी व्हॅल्यू जाते अन् नवी बसते.

आमच्याकडं लातूरला एका अडत दुकानासाठी एका पोरानं सोयाबीनच्या आवकेचा प्रोग्रॅम केला, ‘की’ म्हणून घेतला शेतकऱ्याचा मोबाईल नंबर, दोनचार नोंदी टाकून बघितल्या, चालतंय म्हणून लगेच देऊन टाकला. आता खेड्यात बाप-लेकाचा नंबर एकच असतो, अन् सीझनमध्ये तोच माणूस सकाळी एक ट्रॉली आणतो, दुपारी दुसरी. दुसरं वजन टाकलं की पहिलं पुसलं! काट्याच्या पावत्यांची बेरीज अन् कॉम्प्युटरची बेरीज जुळेना, मुनीम काट्याला दोष देतोय, शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेला. ज्याचा माल त्याचंच वजन गायब, याचा मला अजून राग येतो. घाई करणाऱ्यांनो, टेस्टिंगला एकच नंबर दोनदा टाकून बघायला किती वेळ लागतो?

मी पावती नंबरच की घेतो, आणि शेतकऱ्यानुसार हिशोब हवा असला तर डिफॉल्टडिक्टमध्ये (नव्या कीला रिकामी व्हॅल्यू आपोआप देणारी डिक्शनरी) लिस्ट ठेवून प्रत्येक वजन तिच्या शेवटी अपेंड करतो, म्हणजे जोडतो. पावती नंबर आधीच असला तर तिथंच एरर देऊन थांबवतो, गुपचूप पुढं जाऊ देत नाही.

दुसऱ्या भाषेतला कोड उचलताना पण बघा, तिथल्या डिक्शनरीसारख्या रचना आधीच असलेली की परत आली तर वेगवेगळ्या वागतात. जावाच्या हॅशमॅपचं पुट जुनी व्हॅल्यू परत देतं, पण ती कुणी बघतच नाही. सी शार्पच्या डिक्शनरीचं ॲड एक्सेप्शन (एरर) फेकतं, चौकटी कंसानं लिहिलं तर मात्र ओव्हरराइट, म्हणजे जुनीवर नवी. सी प्लस प्लसच्या अनऑर्डर्ड मॅपचं इन्सर्ट उलटं, जुनीच ठेवतं.

कोलिजन म्हणजे डुप्लिकेट नव्हे. दोन वेगळ्या की आत एकाच जागी आल्या, म्हणजे कोलिजन झालं, तर हॅश टेबल (डिक्शनरी आतून ज्यावर चालते ती रचना) ते सांभाळून घेतं, डेटा जात नाही.

पायथनमध्ये १, १.० आणि ट्रू ही एकच की धरली जाते, म्हणून इथंही एकाची व्हॅल्यू दुसऱ्यानं पुसली जाते.

आता मराठी नावांचं. ‘कुऱ्हाडे’ मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो, एक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साधा र, हलन्त अन् मधे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर सेम, डिक्शनरीत दोन माणसं. युनिकोड नॉर्मलायझेशननं (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालं तर एका रूपात आणायची पद्धत) सुद्धा हे दोन एक होत नाहीत, म्हणून नाव की करायचंच असलं तर आधी स्ट्रिप मारा (पुढची-मागची स्पेस काढा), मग र, हलन्त अन् जॉइनर या तिघांच्या जागी ऱ अन् हलन्त स्वतः रिप्लेस करा.