विषारी वायूचे डिटेक्टर कसे बसवावेत आणि कसे सांभाळावेत

डिटेक्टर जोडलेल्या कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर शून्य दिसलं की हवा स्वच्छ आहे असं आपण सहज धरून चालतो. पण विषारी वायूंसाठी सर्वाधिक वापरला जाणारा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर मेला तरी बहुतेक वेळा शून्यच दाखवतो. आतला इलेक्ट्रोलाइट (करंट वाहून नेणारा द्रव) सुकला असेल किंवा तोंडावरची जाळी रंगाने बुजली असेल, तरी तारेतला करंट ४ मिलिअँपिअरवर, म्हणजे शून्याच्या खुणेवर, शांत बसून राहतो आणि पॅनेलला त्यात काहीच वावगं दिसत नाही. तुटलेली तार पॅनेल लगेच पकडतं, बहिरा झालेला सेन्सर मात्र ते पकडेलच असं नाही. काही नव्या डिटेक्टरमध्ये सेलची (सेन्सरमधला वायू ओळखणारा, बदलता येणारा भाग) स्वतःहून तपासणी होते, तरीही वायू जाळीतून आत पोचतोय का हे प्रत्यक्ष वायू दिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे खालची प्रत्येक पायरी करताना एकच विचारायचं: उद्या खरोखर गळती झाली, तर हा सेन्सर बोलेल का?

पायरी १: वायू ओळखा, मग सेन्सर निवडा

आधी प्लांटमधल्या वायूंची यादी करा. मुख्य वायूबरोबर बाकी काय काय हवेत येऊ शकतं तेही लिहा, कारण सेन्सर फक्त आपल्याच वायूला ओळखतो असं नसतं. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या चार्ज होतात त्या खोलीजवळ तो बसवला, तर विनाकारण अलार्म होत राहतील. याच्या उलटा प्रकार जास्त घातक. सल्फर डायऑक्साइडच्या कित्येक सेन्सरचं रीडिंग नायट्रोजन डायऑक्साइडमुळे खाली ओढलं जातं, म्हणजे दोन्ही वायू एकत्र आले की आकडा खोटा कमी दिसतो. उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये ‘क्रॉस सेन्सिटिव्हिटी’चा तक्ता असतो. खरेदीआधी तो नक्की वाचा.

ज्वलनशील वायूचा डिटेक्टर आहे, मग विषारीसाठी वेगळा कशाला, असं अनेकदा विचारलं जातं. आकडेच बघू. हायड्रोजन सल्फाइड हवेत साधारण ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. या किमान पेट घेणाऱ्या प्रमाणाला एलईएल म्हणतात. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), म्हणून ज्वलनशील डिटेक्टरचा ‘१० टक्के एलईएल’ अलार्म, म्हणजे त्या प्रमाणाच्या दहाव्या हिश्शाचा, वाजेल साधारण ४,००० पीपीएमला. हाच वायू १०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोकादायक मानला जातो. म्हणजे धोक्याच्या मर्यादेच्या चाळीसपट वायू साचेपर्यंत तो डिटेक्टर गप्प राहणार.

नाकावर तर मुळीच विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटून लोक पुढे जातात. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

पायरी २: जागा ठरवा

क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, सल्फर डायऑक्साइड दुपटीहून थोडा जास्त. हे खाली साचतात, म्हणून सेन्सर जमिनीपासून साधारण ३० ते ५० सेंटिमीटरवर घ्या. हायड्रोजन सल्फाइड थोडासाच जड आहे, पण ड्रेन, पिट आणि संपमध्ये (पाणी जमा होण्याच्या खड्ड्यात) तोच साचतो, त्यामुळे त्यालाही खालीच ठेवतात. अमोनिया हवेपेक्षा हलका, त्याचा सेन्सर छताजवळ. मात्र द्रव अमोनिया फुटला तर थंड धुकं जमिनीलगत पसरतं, म्हणून पंप आणि रिसीव्हरपाशी (द्रव अमोनियाच्या टाकीपाशी) खालीही एक असावा. कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेइतकंच, त्याला श्वासाच्या उंचीवर, दीड मीटरच्या आसपास लावा.

नुसत्या घनतेवर मात्र जाऊ नका. बंद खोलीतसुद्धा एक्झॉस्ट फॅन, उघडं दार आणि गरम यंत्रं वायूला कुठल्या कुठे नेतात. स्मोक ट्यूबने धूर सोडून बघा, एकदा फॅन चालू ठेवून, एकदा बंद करून. पंपाचं सील, फ्लँज, व्हॉल्व्हचं ग्लँड, सॅम्पल पॉइंट, सिलिंडरची जोडणी, अशा गळतीच्या जागांपासून धूर जिकडे जातो तिकडे सेन्सर हवा. ताज्या हवेच्या झोतात किंवा दारासमोर बसवलेला सेन्सर कायम छान रीडिंग देईल आणि उपयोग काहीच होणार नाही.

जिथे शिडी लावावी लागते तिथला सेन्सर वेळेवर तपासला जात नाही, असं माझं ठाम मत आहे. छताजवळ बसवणं भागच असेल, तर सेन्सर वर आणि डिस्प्लेचा ट्रान्समीटर खाली असा स्प्लिट प्रकार घ्या आणि चाचणीचा वायू पोचवायला एक नळी कायमची खाली आणून ठेवा.

टाकी, मॅनहोल अशा बंदिस्त जागेसाठी भिंतीवरचा डिटेक्टर चालत नाही. तिथे पंप असलेला पोर्टेबल डिटेक्टर घेऊन, बाहेर उभं राहूनच, वरची, मधली आणि तळाची हवा तपासायची.

पायरी ३: बसवणं आणि वायरिंग

सेन्सरचं तोंड खाली ठेवा, म्हणजे पाणी आणि धूळ साचत नाही. थरथरणाऱ्या पाइपवर तो बांधू नका. उघड्यावर असेल तर वेदर गार्ड लावा. केबल ग्लँडमध्ये (केबल आत घेणाऱ्या घट्ट जोडणीत) शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न जाता तिथूनच ठिबकेल. शील्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) असलेली केबल वापरा आणि शील्डला फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थिंग करा. दोन्ही टोकांना केलं तर त्यातून करंट फिरतो आणि रीडिंग उड्या मारतं.

लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा ५०० मीटरवर जाऊन-येऊन रोध १२ ओहमच्या आसपास होतो. डिटेक्टर २५० मिलिअँपिअर घेत असेल तर ३ व्होल्ट वाटेतच संपले. वीज जाऊन पॅनेल बॅटरीवर असताना किती उरतात हा हिशेब आधीच करा.

ज्वलनशील वातावरणाच्या भागात फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणारा) बॉक्स, प्रमाणित ग्लँड आणि रिकाम्या भोकाला ब्लँकिंग प्लग लागतोच. वीज चालू असताना झाकण उघडायचं नाही. काम परमिट घेऊन आणि प्रशिक्षित इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

सेल मात्र सर्वांत शेवटी बसवा, वेल्डिंग आणि रंगकाम पूर्ण झाल्यावर. थिनरच्या वाफा सेलला बिघडवतात. रंगाऱ्याने सेन्सरवर घातलेली प्लास्टिकची पिशवी काढायची राहून जाणं हा तर नेहमीचा प्रकार.

पायरी ४: सिग्नल जुळवा

४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण रेंज. ० ते ५० पीपीएमच्या सेन्सरला १० पीपीएम वायू मिळाला तर करंट ७.२ मिलिअँपिअर हवा. आता समजा सेन्सर ० ते १०० चा आहे आणि पॅनेलमध्ये त्या चॅनेलची रेंज ५० टाकली गेली. जागेवर १० असताना कंट्रोल रूममध्ये ५ दिसतील आणि १० चा अलार्म २० झाल्यावर वाजेल. म्हणून प्रत्येक सेन्सरपाशी एक जण आणि पॅनेलपाशी एक जण उभा करून आकडे मोठ्याने जुळवा. एक तार काढून फॉल्ट येतो का तेही बघा.

पायरी ५: झिरो आणि स्पॅन

चालू केल्यावर सेन्सरला स्थिरावू द्या. काही वायूंच्या सेन्सरना त्यासाठी तासन्‌तास लागतात, मॅन्युअलमधली वेळ पाळा. मग स्वच्छ हवेच्या सिलिंडरने झिरो करा, म्हणजे रीडिंग शून्यावर जुळवा. आजूबाजूच्या हवेत थोडा वायू आधीच असेल, तर तिच्यावर केलेला झिरो तो वायू कायमचा लपवतो.

स्पॅनसाठी, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणातला वायू देऊन आकडा जुळवण्यासाठी, सिलिंडरवरची एक्सपायरी आधी पाहा. क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सिलिंडरमध्येही हळूहळू कमी होतात. नळी टेफ्लॉनची आणि आखूड घ्या, रबराची नळी हे वायू शोषून घेते. सेन्सरच्या तोंडावर चाचणीची कॅप लावा आणि रेग्युलेटर उघडा. प्रवाह बहुधा मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास असतो. आकडा सुरुवातीला भराभर चढतो, मग मंदावतो आणि टेकतो. टेकल्यावरच स्पॅन नोंदवा. घाईने चढत्या आकड्यावर बटण दाबलं तर सेन्सर पुढे कायम वाढीव रीडिंग देईल.

हे करण्यापूर्वी कंट्रोल रूमला कळवून चॅनेल इनहिबिटवर टाका, म्हणजे त्याचा अलार्म तात्पुरता रोखा, काम संपल्यावर लगेच काढा. इनहिबिटची नोंद वहीत सहीसह हवी आणि शिफ्ट बदलताना ती तोंडी सांगितली गेली पाहिजे.

पायरी ६: अलार्म आणि माणसं

सहसा दोन पातळ्या ठेवतात. आकडे तुमच्याकडे लागू असलेल्या नियमांतल्या मर्यादेवरून ठरवा. पहिल्या पातळीला फॅन सुरू होऊन ऑपरेटर सावध होतो, दुसरीला प्रक्रिया बंद करून जागा रिकामी करायची. जिथे गोंगाट असतो तिथे हूटरबरोबर फिरता दिवाही लावा. वरचा अलार्म लॅचिंग ठेवा, म्हणजे वायू ओसरला तरी माणसाने रीसेट केल्याशिवाय तो जाणार नाही.

अलार्म झाल्यावर ‘जरा बघून येतो’ म्हणत कोणी आत जाता कामा नये. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघून वाऱ्याला आडवं बाहेर पडा, मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला जमा. कोणी कोसळलेलं दिसलं तरी श्वसनसंच घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. पहिल्याला वाचवायला धावलेला दुसराही तिथेच पडतो, हे अशा अपघातांत पुन्हा पुन्हा घडलं आहे.

पायरी ७: बम्प टेस्ट आणि सेल बदलणं

बम्प टेस्ट म्हणजे थोडा वायू देऊन अलार्म वाजतो का एवढंच पाहणं. पोर्टेबल डिटेक्टरची ती रोज वापरण्यापूर्वी करा, भिंतीवरच्यांची ठरलेल्या अंतराने, सुरुवातीला दर महिन्याला. आकड्याबरोबर तिथे पोचायला लागलेले सेकंदही लिहा. तीस सेकंदांत चढणारा सेन्सर दीड मिनिट घेऊ लागला, तर जाळी तुंबली आहे किंवा सेल थकला आहे. मोठ्या गळतीत न्हाऊन निघालेल्या किंवा भिजलेल्या सेन्सरची तारखेची वाट न पाहता चाचणी घ्या.

सेल साधारण दोन-तीन वर्षं चालतो, उष्ण आणि कोरड्या जागी त्याहून कमी. स्पॅन जुळवायला दर वेळी जास्त वाढ द्यावी लागत असेल तर पुढच्या तारखेवर न ढकलता तो बदला. सुटे सेल पाच-सहा वर्षांचे एकदम भरून ठेवू नका. खोक्यात पडून असतानाही ते म्हातारे होतात, म्हणून बसवताना उत्पादनाची तारीख वाचा. काढलेल्या सेलमध्ये बहुधा सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. तो फोडू नका, साध्या कचऱ्यातही टाकू नका, घातक कचऱ्याच्या डब्यात द्या.