ट्रक नवीन हातात आलाय? या चुका टाळा

नवीन ड्रायव्हर घाबरतो हायवेला, आणि गाडी ठोकतो यार्डात. पहिल्या काही महिन्यांत आरसा फुटतो, मागचा दिवा जातो, ट्रेलर जोडणीवरून निसटतो. हे सगळं चालत्या माणसाच्या वेगाने जाताना किंवा गाडी उभी असताना घडतं. ड्रायव्हर सीटवर बसून अंदाज बांधत राहतो आणि खाली उतरून बघायचा कंटाळा करतो, हे त्याचं नेहमीचं कारण. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळही तेच आहे.

फक्त परीक्षेपुरतं शिकणं

शिकवणीची गाडी बहुधा रिकामी असते, रस्ता ठरलेला असतो आणि वेळ दिवसाची. मग पहिल्याच खेपेला मागे पंधरा-वीस टन माल, रात्र आणि पाऊस. भरलेली गाडी उशिरा थांबते हे सगळ्यांना माहीत असतं. रिकामी गाडीही फसवते हे मात्र कोणी सांगत नाही. तिची सस्पेन्शन आणि ब्रेक भरल्या वजनासाठी बनवलेले असतात, त्यामुळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं उसळतात, जाम होतात आणि घसरतात. शिकतानाच किमान एकदा भरलेली गाडी, एकदा अंधार आणि एकदा लांब उतार मागून घ्या. रिव्हर्सचे तास कमी करून हायवेचे वाढवू नका. उलट करा.

रिव्हर्समध्ये आरशावर विसंबणं

आरशात गाडीच्या बाजू दिसतात. थेट मागचा पट्टा, छताच्या उंचीवरची फांदी आणि जमिनीलगतचा खुंट यातलं काहीच दिसत नाही. रिव्हर्स टाकण्याआधी उतरा, मागे चालत जा, वरही बघा. अर्ध्यात शंका आली तर पुन्हा उतरा. कोणी हसलं तर हसू द्या.

ट्रेलर असेल तर स्टिअरिंग खालच्या बाजूला धरा. ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात न्या. स्टिअरिंग थोडंसंच फिरवा, कारण ट्रेलर जरा उशिराने वळतो. नवशिका वाट बघत नाही, आणखी फिरवतो, आणि मग ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारं पुढचं डोकं) आणि ट्रेलरची घडी व्हायला लागते. सरळ मागे जाताना ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागेल त्याच बाजूला स्टिअरिंगची वरची कड हलकी फिरवा, तो सरळ होईल. कोन हाताबाहेर गेला तर लढत बसू नका. गाडी पुढे काढा, सरळ करा, पुन्हा लावा.

निवड असेल तर ड्रायव्हर बाजूला वळत मागे या. क्लीनर बाजूला आंधळा पट्टा मोठा असतो. मागे कोणी हात दाखवत असेल तर काच खाली आणि गाणी बंद. तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबा.

वळणावर आधीच बाहेर फाकणं

मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतून येतात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आतून. हे कळल्यावर नवीन ड्रायव्हर वळणाच्या खूप आधी गाडी उलट्या बाजूला घेतो, आणि मोकळ्या झालेल्या फटीत दुचाकी शिरते. मागची बाजू कडेला धरूनच ठेवा, सरळ थोडं जास्त पुढे जा आणि मग वळा. जागा लागली तर ती वळण संपताना पलीकडून घ्या, सुरुवातीला नको. मागच्या एक्सलच्या पलीकडे निघालेला सांगाडा वळताना उलट दिशेला झुलतो. खांबाशेजारून निघताना पहिला फटका तोच देतो.

हवेचे ब्रेक कारसारखे वापरणं

इथे थोडा वेळ द्या, कारण चूक झाली तर मडगार्डवर भागत नाही.

पेडल दाबल्यावर हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद जातो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ब्रेक धरायच्या आधीच गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. पुढच्या गाडीपासूनचं अंतर सेकंदात मोजा. आपल्या गाडीच्या दर ३ मीटर लांबीला १ सेकंद, आणि वेग ६५ च्या वर असेल तर आणखी १. पंधरा मीटरच्या गाडीला ६ सेकंद झाले. रस्ता ओला असेल तर याहून जास्त.

रोज निघण्याआधी ही चाचणी करा. सपाट जागा, चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचा अडसर). हवा पूर्ण भरू द्या, गेजचा काटा साधारण ८ बारला (बार हे हवेच्या दाबाचं माप) जाऊन कॉम्प्रेसर हवा भरायचं थांबेपर्यंत. इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला. एक मिनिट काटा बघा. मग पेडल घट्ट दाबून धरा, सुरुवातीची घट जाऊ द्या आणि आणखी एक मिनिट बघा. पेडल दाबलेलं असताना एकट्या ट्रकची हवा मिनिटाला ०.२ बारपेक्षा आणि ट्रेलरसकट ०.३ बारपेक्षा जास्त पडता कामा नये. शेवटी चावी चालू ठेवून पेडल पुन्हा पुन्हा दाबा. ४ बारच्या आसपास इशाऱ्याचा दिवा किंवा बझर आलाच पाहिजे. आला नाही तर गाडी हलवू नका.

हवा पडते आहे, पण कुठून? पेडल दाबल्यावरच पडत असेल तर आधी ब्रेक चेंबरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि त्याकडे जाणारे होज बघा. मोकळं असतानाही पडत असेल तर टाकी, मुख्य लाइन किंवा व्हॉल्व्ह. ट्रेलर जोडल्यावरच पडत असेल तर जोडणीच्या कपलिंगमधलं रबर बहुधा कडक झालेलं किंवा फाटलेलं असतं. रबर हाताशी ठेवा, बदलायला दोन मिनिटं लागतात. फुस्स आवाज कळत नसेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात. हवा कुठेच गळत नाही पण काटा रोजच्यापेक्षा हळू चढतो? मग कॉम्प्रेसरचा किंवा त्याच्या हवेच्या फिल्टरचा संशय घ्या. टाकीचा नळ सोडल्यावर पाणी येत असेल तर एअर ड्रायर काम करत नाही, आणि काळपट तेलकट चिखल येत असेल तर कॉम्प्रेसर तेल सोडतो आहे.

उतारावरची चूक वरच होऊन जाते. गिअर उतार सुरू होण्याआधी पाडायचा असतो. तोच चढ चढायला जो गिअर लागला असता तो, किंवा त्याच्याही खालचा. उतारावर वेग वाढल्यावर गिअर पाडायला गेलात तर दांडा न्यूट्रलला अडकतो आणि इंजिनचा आधार सुटतो. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग आवरणारी सोय) असेल तर आधी तो. मुख्य ब्रेक हलका दाबून सतत धरून ठेवू नका. ताशी ४० सुरक्षित वाटत असेल तर ४० ला ठाम दाबा, तीनेक सेकंदांत ३२ पर्यंत आणा, पाय पूर्ण उचला. परत ४० झाले की परत तेच. दोन दाबांच्या मध्ये ड्रमला थोडं निवायला मिळतं.

डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणं हा जुना गैरसमज आहे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की उतारावर डिझेलच बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल जळतच राहतं.

करपल्याचा वास आला किंवा चाकातून धूर निघाला तर सपाट जागी थांबा, उटी लावा, निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

टायरवर हातोडी मारून समाधान मानणं

आवाजावरून पूर्ण बसलेला टायर कळतो, पाचवा हिस्सा कमी हवेचा कळत नाही. गेज लावा, तेही टायर गार असताना. चालून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका, गार झाल्यावर ती कमी पडेल. जोडटायरमध्ये आतला टायर विसरला जातो. त्याची हवा कमी झाली की त्याचं वजन बाहेरच्यावर येतं आणि दोन्ही तापतात. दोघांच्या मध्ये दगड अडकला आहे का तेही बघा.

चाक बदललं असेल तर ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा कसा, ठरलेल्या टॉर्कवर. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर तो नट ढिला आहे असं धरून चाला.

‘खट्’ आवाज आला म्हणजे ट्रेलर बसला असं मानणं

ट्रेलर जरा उंच उभा असेल तर किंगपिन (ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची जाड खीळ) जबड्यात न जाता वरूनच सरकतो, आणि आवाज तरीही येतो. मागे घेण्याआधी उंची बघा. फिफ्थ व्हीलने (ट्रॅक्टरवरची जबडा असलेली जोडणीची प्लेट) ट्रेलर थोडासा उचलला पाहिजे. जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून, ट्रेलरचे पाय अजून जमिनीवरच असताना, खालच्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून बघा. मग टॉर्च घेऊन खाली वाका. प्लेट आणि ट्रेलरमध्ये फट नको, आणि जबडा किंगपिनच्या मागे पूर्ण बंद दिसला पाहिजे. हँडलची खीळ बसलेली हवी. पाय त्यानंतर वर घ्या. सोडताना पाय आधी खाली, मग होज आणि वायर, आणि हँडल सगळ्यात शेवटी.

दुसऱ्याने बांधलेला माल तसाच नेणं

ताडपत्री माल झाकते, धरून ठेवत नाही. जोरदार ब्रेकला माल स्वतःच्या वजनाच्या साधारण ०.८ पट जोराने पुढे येतो असं धरून बांधणीचा हिशेब करतात. म्हणजे १० टनांच्या मालाला ८ टनांचा धक्का. पुढच्या फळीला माल टेकलेला असेल तर निम्मं काम झालं. मध्ये फट राहिली तर माल वेग घेऊन आदळतो. माल फार मागे असेल तर पुढचा एक्सल हलका होतो आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. पहिल्या ५०-८० किलोमीटरमध्ये माल बसतो आणि पट्टे ढिले पडतात, तेव्हा थांबून रॅचेट (पट्टा आवळायचं हँडल) पुन्हा आवळा.

गाडीची उंची केबिनमध्ये डोळ्यासमोर लिहून ठेवा, मोजलेली. रिकामी गाडी भरलेल्यापेक्षा वर उचललेली असते. जाताना ज्या पुलाखालून भरून गेलात, त्याखालून परत येताना रिकामी अडकू शकते.

झोप आली की काच उघडणं

गार वारा पाच मिनिटं पुरतो. चार सेकंदांची डुलकी ताशी ८० ला ८९ मीटर गाडी आंधळी नेते. पहाटे २ ते ६ आणि दुपारी शरीर आपोआप मंदावतं. तेव्हा जागा बघून थांबा, कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर सीटवरून थेट चावी फिरवू नका. खाली उतरा, गाडीला एक फेरी मारा. थांबला होतात तेवढ्यात मागे कोणी गाडी लावली असेल, चाकाशेजारी कोणी झोपलं असेल, एखादा होज लोंबत असेल.