थंडीची लाट येण्याआधी कूलर आणि कूलिंग टॉवर: ग्वाल्हेरकरांसाठी तयारीची यादी

दिवाळी झाली की ग्वाल्हेरच्या गच्च्यांवर कूलरला ताडपत्री बांधतात आणि आतलं पाणी तसंच राहतं. खरी वेळ येते डिसेंबरच्या मध्यानंतर. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली) पुढे सरकला, आभाळ निवळलं, वायव्येचा वारा सुटला की पारा झपाट्याने उतरतो. मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर आलं की हवामान खातं थंडीची लाट मानतं, २ अंशांवर आलं की तीव्र लाट. पण हे तापमान आडोशाच्या पेटीत मोजलेल्या हवेचं असतं. निरभ्र रात्री उघड्यावरचा पत्रा आभाळाकडे उष्णता सोडत राहतो आणि हवेहून काही अंश जास्तच गार होतो. त्यात कूलिंग टॉवरमधून, म्हणजे यंत्रांचं गरम पाणी हवेने निववणाऱ्या मनोऱ्यातून, पडणारं पाणी बाष्पीभवनामुळे आणखी निवतं. म्हणून अंदाजात ४ अंश दिसण्याआधीच सगळं उरकलेलं असावं.

काळजी भरलेल्या टाकीची नको. शेकडो लिटर पाणी इथल्या एका रात्रीत गोठत नाही. फार तर वर पापुद्रा धरेल. नुकसान होतं ते बारीक जागी अडकलेल्या पाण्याने: फ्लोट व्हॉल्व्हकडे (टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या तोटीकडे) जाणारी नळी, प्रेशर गेज, लेव्हलची काच, पंपाची खोळ. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. नळी मात्र बर्फ धरला तिथेच फुटते असं नाही. बर्फाचा बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये पाणी कोंडतं, त्याचा दाब वाढतो आणि कच्चा सांधा सुटतो. तेव्हा पुरवठा खालून बंद करा, मग फ्लोट दाबून धरा आणि नळी सर्वांत खालच्या टोकाकडून मोकळी करा. बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्याच्या पोकळीतही थोडं पाणी राहतं. रिकाम्या लाइनवरचा असा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवावा, नाहीतर त्याची खोळ तडकते. पंपाच्या खोळीच्या तळाचं बूच काढून त्याच पंपाला दोऱ्याने बांधा, म्हणजे मार्चमध्ये शोधाशोध होत नाही.

घरच्या कूलरचं काम तासाभराचं. टाकी उपसा, गाळ खरवडा, पंप काढून पुसून घरात ठेवा, खसच्या किंवा लाकडी भुशाच्या जाळ्या उन्हात वाळवा, गंजलेल्या पत्र्यावर रेड ऑक्साइड मारा. तळाचं बूच उघडंच राहू द्या. मावठ्याचं पाणी साचलं तर आधीची मेहनत वाया. खोलीकडचं तोंड बंद करा, पण ताडपत्री हवाबंद आवळू नका, आत ओल धरून पत्रा सडतो.

हिवाळ्यातही चालणाऱ्या टॉवरचं, म्हणजे डेअरी, रुग्णालय किंवा मालनपूर-बानमोरच्या कारखान्यातल्याचं, प्रकरण वेगळं. थंडी वाढली की पाणी कमी करण्याचा मोह होतो, आणि तोच घात करतो. फिलवर (टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या थरांवर) पातळ पडलेलं पाणी हवा आत येते त्या बाजूला, लूव्हरच्या तिरप्या पट्ट्यांपाशी, आधी गोठतं. पाणी पूर्ण सोडा, हवा कमी करा: पंखा मंद ठेवा किंवा थांबवत-थांबवत चालवा, आणि बाहेर पडणारं पाणी ७ अंशांखाली जाऊ देऊ नका. दोन सेल (टॉवरचे वेगळे कप्पे) असतील तर दोन्हींत अर्धं-अर्धं पाणी नको. एक पूर्ण बंद करून रिकामा करा. सुरू करताना पाणी बायपासने थेट बेसिनमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, फिरवा, कोमट झाल्यावरच वर चढवा. बेसिन हीटर ४-५ अंशांवर लावतात, तो पंप बंद असतानासाठी. पाण्याची पातळी उतरली तर तो आपोआप बंद पडतो का, हे आधी तपासा. कोरडा हीटर जळतोच.

बंद कॉइलचा कूलर, म्हणजे ज्यात पाणी बंद नळ्यांच्या वेटोळ्यातून फिरतं तो, नुसता ड्रेन उघडून पूर्ण रिकामा होत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावा लागतो, नाहीतर पाण्यात ग्लायकॉल, म्हणजे गोठण्यापासून वाचवणारं द्रव, घालावं लागतं. अन्नपदार्थांच्या कामात प्रॉपिलीन ग्लायकॉलच घ्या, गंजरोधक मिसळलेलं. आकारमानाने ३० टक्के मिश्रण सुमारे उणे १३ अंशांपर्यंत तग धरतं. ग्वाल्हेरला इतकं लागत नाही हे खरं, पण फार पातळ मिश्रणात जिवाणू वाढतात, म्हणून तिथे काटकसर नको. अमोनियाच्या इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरचं (नळ्यांवर पाणी फवारून आतला अमोनिया निववणाऱ्या यंत्राचं) कॉइल गोठत नाही, वरचं फवाऱ्याचं पाणी गोठतं. लोड (निववायच्या उष्णतेचा भार) कमी असेल तर तो हिवाळाभर कोरडाच चालवावा. दिवसातून चारदा पाणी चालू-बंद केलं तर दर वेळी कॉइलवर क्षारांचा थर चढतो.

पारा बहुधा सूर्योदयाच्या सुमारास तळाला असतो. त्या वेळी रात्रपाळीच्या माणसाने बॅटरी घेऊन लूव्हर पाहावेत. बर्फ दिसला तर पंखा बंद, पंप चालू. लोडचं गरम पाणीच बर्फ वितळवतं. पंखा उलटा फिरवायचा तर उत्पादकाची मुभा असेल तरच, आधी पूर्ण थांबवून, कमी वेगाने, काही मिनिटंच. काठीने बर्फ फोडू नये, फिल तुटतं.