मोडेमला शिव्या देण्याआधी लाइन तपासा : डायल-अपमधल्या नेहमीच्या चुका

डायल-अप म्हणजे फोनच्या लाइनवरून चालणारं नेट. माझ्याकडे ‘मेला’ म्हणून येणारे त्याचे बरेचसे मोडेम ठणठणीत असतात. मेलेली असते ती घरातली वायर. पण वायर तपासायची म्हणजे स्टुलावर चढा, कोळिष्टकं झाडा, रोझेट (लाइन घरात येते ती भिंतीवरची डबी) उघडा. त्यापेक्षा ड्रायव्हर पुन्हा टाकणं सोपं, म्हणून सगळे तेच करत बसतात. हल्ली विंडोज ९८ च्या जुन्या मशीनचा शौक असलेली पोरं येतात, अधूनमधून फॅक्सवाले वकील येतात. चुका त्याच.

मोडेमपासून सुरुवात करणं

आधी रोझेट उघडा. घरात जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा आणि फक्त खांबावरून आलेली जोडी ठेवा. तिला साधा वायरचा फोन लावा, कॉर्डलेस नको. रिसीव्हर उचलून कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन तुटतो आणि पुढचे काही सेकंद लाइन उघडी ऐकू येते. तिथे शांतता हवी. खरखर, घुंईऽऽ किंवा शेजाऱ्याच्या गप्पा ऐकू आल्या, तर मोडेमची पिशवी बंद करा.

मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोजा. फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. उचलला की ते ६ ते १२ वर येतात. काहीही जोडलेलं नसताना चाळिशीच्या खाली आकडा असेल, तर कुठेतरी गळती आहे. आकड्याआधी वजा चिन्ह दिसलं म्हणून घाबरू नका, तारा उलट धरल्यात एवढंच. आणि वायर दातांनी सोलू नका. घंटी येते तेव्हा त्याच तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो. नेमकी तेव्हाच कुणाची तरी आत्या फोन करते.

बाहेरची जोडी स्वच्छ निघाली, तर घरातल्या वायरी एकेक करून परत जोडा आणि दर वेळी ऐका. कंटाळवाणं आहे, मान्य. पण सगळ्या एकदम जोडून “आता बघू” म्हणणाऱ्यांना मी स्टुलावरून खाली उतरवतो.

गोव्यातल्या सावई वेऱ्याच्या एका कुळागरवाल्या (सुपारीच्या बागेवाल्या) काकांची गोष्ट सांगतो. संध्याकाळी नेट तुटायचं, रोज. काकांनी स्वतःच निदान करून टाकलं होतं की एक्स्चेंजवर त्या वेळी गर्दी होते. मुलाने मोडेम बदलला, विंडोज नव्याने टाकलं, शेवटी कॉम्प्युटरच बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या. मी गेलो तो दुपारी. लाइन स्वच्छ, व्होल्टेज बरोबर, कनेक्शन झकास. चहा आला. खाली विहिरीवर गड्याने पंप सुरू केला, मोटर घुमली आणि त्याच क्षणी मोडेमवरचा सीडीचा (कॅरियर डिटेक्ट, म्हणजे कनेक्शन असल्याचा) दिवा विझला. स्क्रीनवर ‘नो कॅरियर’.

माडीवरच्या खोलीपर्यंत नेलेली फोनची चपटी वायर पंपाच्या विजेच्या वायरीच्याच केसिंग-कॅपिंगमधून (भिंतीवरच्या झाकणाच्या पट्टीतून) गेली होती. वायरमनने नवी पट्टी मारायचे कष्ट वाचवले होते. चपट्या वायरीला पीळ नसतो, त्यामुळे शेजारच्या मोटरचा सगळा गोंगाट ती उचलते. बोलताना फक्त ‘टक’ ऐकू येतं, माणूस दुर्लक्ष करतो. मोडेमला ते जमत नाही. वेगळ्या वाटेने, विजेच्या वायरीपासून हातभर लांब, नेटवर्क केबलमधली पिळाची एक जोडी टाकली आणि काम झालं. विजेची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. काकांना माझं म्हणणं पटलं नव्हतं. पंप चालू-बंद करून त्यांनी खात्री करून घेतली.

पिळून टेप मारलेला जोड

वळचणीखाली दोन तारा पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची, झालं. मे महिन्यात हा जोड उत्तम चालतो. जूनमध्ये टेपचा डिंक सुटतो, पाणी शिरतं, तांब्याला हिरवा कळक चढतो. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होतं. ‘पावसात नेट हळू होतं’ ही तक्रार नव्वद टक्के इथलीच, असं मी बेधडक म्हणतो. मी जेलीचा यूवाय कनेक्टर (तारा आत घालून दाबायची बारीक टोपी) वापरतो, तो लाइनमनकडे मिळतो. जोडाआधी वायरीला खाली एक झोळ सोडतो, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

ओळीभर पुरतील अशा

मोडेमच्या ‘फोन’ भोकात लाइन घालणं. हसू नका.

स्वयंपाकघरातलं पॅरलल इन्स्ट्रुमेंट, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन. कुणी उचललं की कनेक्शन गेलं.

कॉल वेटिंग चालू ठेवणं. त्याच्या बीपनेही कनेक्शन तुटतं.

डायल टोन कानाला ऐकू येतो, तरी ६८० (‘डायल टोन नाही’) एरर येतो? ‘वेट फॉर डायल टोन’ची खूण काढा किंवा मोडेमला एटीएक्स३ (डायल टोनची वाट बघू नको) हा हुकूम द्या.

५६ के (सेकंदाला ५६ किलोबिट) मोडेमवर ४४ के दिसतं म्हणून हळहळणं. ५६ हा कागदावरचा आकडा, चांगल्या लाइनवरही चाळीस ते पन्नासच्या मध्येच मिळतात. वेग वाढवणारी सॉफ्टवेअरं टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

फायबरच्या डब्याला मोडेम लावणं

ही नवी चूक. लँडलाइन फायबरवर गेली, नंबर गोव्याच्या ०८३२ चाच राहिला, म्हणून पोरांना वाटतं लाइनही तीच. तो डायल टोन तुमच्या घरातलाच डबा तयार करतो आणि आवाजाचे तुकडे करून पाकिटांतून पाठवतो. माणसाचा आवाज त्यातून निभावतो, मोडेमचा किंचाळा नाही. तिथे मल्टिमीटर लावून ‘लाइन ओके’ म्हणण्यात अर्थ नाही, तुम्ही डब्याचंच व्होल्टेज मोजताय. खटपट करायचीच असेल, तर वेग सेकंदाला ९६०० किंवा १४४०० बिटांवर बांधा, कधीकधी टिकतं. फॅक्सलाही हाच उपाय.

विजा

गडगडाट सुरू झाला की लोक पॉवरचा प्लग काढतात आणि फोनची वायर तशीच ठेवतात. वीज तिथूनही येते. दोन्ही काढा. अर्थिंग नसलेल्या बोर्डावरचा स्पाइक गार्ड शोभेचा.

बाहेरचीच जोडी खराब निघाली तर तक्रार नोंदवा, पण ‘नेट चालत नाही’ असं सांगू नका. मोडेम तपासा, असं सांगून तक्रार घेणारे फोन ठेवतील. ‘बोलताना खरखर येते’ म्हणा. लाइनमन आला की त्याला रोझेटवर मोजलेले आकडे दाखवा. मग तो घरात शिरण्याऐवजी आधी खांबावरची डीपी (घरोघरच्या जोड्या वाटणारी पेटी) उघडतो.